बिनकुलपाच्या गावात ई-रीडर

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, चौकटीत दार नसतं. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फार तर एक फळी टेकवून ठेवायची. चोराचं काय करायचं ते शनिदेव बघून घेतात, अशी गावाची श्रद्धा. युको बँकेनं जानेवारी २०११ मध्ये इथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची. पोलीस ठाणं आलं थेट २०१५ साली. अशा गावात भाच्यासाठी ई-रीडर घेऊन आलेल्या पुण्याच्या मामानं पिशवी खाली ठेवल्या ठेवल्या पहिलं काम काय करावं? कुलूप लावलं.

यंत्रात तशी सोयच असते. त्यानं आणलेल्या किंडलच्या सेटिंग्जमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल्स' नावाचं प्रकरण आहे. तिथं पुस्तकांचं दुकान बंद करता येतं, ब्राउझर बंद करता येतो आणि वर पासवर्ड घालता येतो. मामानं सगळं बंद केलं. भाच्याचा निम्मा उत्साह आधीच मावळला होता, कारण यात यूट्यूब चालत नाही, हे त्यानं पहिल्याच मिनिटाला विचारून घेतलं होतं. आजी तांदूळ निवडता निवडता हे पाहत होती.

"घराला कडी नाही आन् पाटीला कुलूप?" ती म्हणाली. "पोरानं वाचावं म्हणून आणलंय का वाचू नये म्हणून?"

मामानं सुरक्षेवर छोटंसं व्याख्यान दिलं. त्यात एक गोष्ट मात्र त्यानं गाळली. किंडलचा पासकोड विसरला तर १११२२२७७७ हा आकडा दाबायचा, म्हणजे यंत्र उघडतं. पण उघडताना आतलं सगळं पुसून कोरं होतं. किल्ली चौकटीलाच टांगलेली, फक्त तिनं दार उघडलं की घर रिकामं!

शिवाय कुलूप आतून लावलं तरी मालक बाहेरून येऊ शकतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं काही गिऱ्हाइकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसेही परत केले. गेलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं, म्हणजे नागरिकांवर अष्टौप्रहर पाळत ठेवणाऱ्या सरकारची गोष्ट. पुढे जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. शिंगणापुरात हे घडलं असतं, तर माफीवर भागलं नसतं. तेल वाहायला यावं लागलं असतं.

आता पुस्तकं भरायची. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि जुने अंक फुकट उतरवून घेता येतात. मामानं हौसेनं दोन-चार अंक भरले. पण छापील पानाची पीडीएफ सहा इंची पडद्यावर आली की अक्षरं खसखशीएवढी होतात आणि रंगीत चित्रं राखाडी. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या मराठी गोष्टी मात्र खुल्या परवान्याच्या, ईपबमध्येही मिळणाऱ्या. ईपब फाइल किंडलला मेलनं पाठवता येते, पण पाठवणाऱ्याचा पत्ता मंजूर यादीत हवा. मामानं घाईत ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवल्या. त्या वेशीवरच अडल्या.

कायद्याचंही एक कुलूप असतंच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून खुली. 'गोट्या'चे ना. धों. ताम्हनकर १९६१ साली गेले, म्हणून गोट्या २०२२ पासून मोकळा. भा. रा. भागवत गेले २००१ साली. त्यांचा फास्टर फेणे खुला व्हायला २०६२ उजाडेल, तोवर भाच्याची पोरं कॉलेजात असतील. मामानं मुकाट्यानं दुकानाचं कुलूप काढलं, फेणे विकत घेतला आणि कुलूप पुन्हा घातलं.

सगळ्यात जुनं पुस्तक मागितलं आजीनं. नेवासा हाच आपला तालुका, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशातच, शके १२१२ मध्ये. तिच्या पोथीतली अक्षरं आता आजीला दिसत नव्हती. मामानं ओव्यांची फाइल भरली आणि अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, पडद्यावर जेमतेम दोन ओव्या मावतील इतकं केलं. आजीनं चष्मा काढून ठेवला आणि पाटी मांडीवर घेतली ती घेतलीच. भाचा ओट्यावर बसून घरात जपून ठेवलेला कागदी 'किशोर' चाळायला लागला.

परत निघताना, दुकानाला कुलूप असूनही, मामाला एकच धास्ती होती : ओव्या उलटता उलटता आजीचं बोट भलतीकडे पडायचं आणि दुकानातून काहीतरी खरेदी व्हायची. म्हणून त्यानं पासवर्ड भाच्याच्या कानात सांगितला आणि आजीवर लक्ष ठेवायला बजावलं.