त्यागाची वर्धा योजना
(डर्ट बाईक सोडावी की नाही, याविषयी इच्छुकांस मार्गदर्शन)

ज्यांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे, ज्यांच्या पडवीत एकवीस इंची पुढच्या चाकाची गाडी उभी आहे आणि खाटेवरून उठताना ज्यांच्या तोंडून आपोआप ‘माय वं’ निघतं, त्यांनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी आधी दोनचारदा पडून यावं.

पहिली सूचना स्थळाबद्दल. हा निर्णय पुण्यात किंवा नाशकात बसून घेऊ नये. त्याग करायचा तर वर्धा जिल्ह्यातच करावा. इथे त्याची सोय जुनी आणि चांगली आहे. गांधीजी साबरमती सोडून इथे आले. जमनालाल बजाजांनी १९२१ मध्ये रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली. जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. (ती कितपत पाळली जाते, हा विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा.) दुसऱ्या गावात माणसानं काही सोडलं की लोक विचारतात, ‘काय झालं?’ वर्ध्यात विचारतात, ‘आता पुढं काय सोडणार?’

आता व्याख्या. अस्सल डर्ट बाईकला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, नंबर प्लेट नसते. आरटीओत तिची नोंद होत नाही, म्हणून तिला छोट्या हत्तीत घालून ट्रॅकवर न्यावं लागतं. आमच्या ओळखीत ना अशी गाडी कोणाकडे, ना असा ट्रॅक जवळपास. त्यामुळे आपल्यापुरती डर्ट बाईक म्हणजे २०१९ मध्ये आलेली हीरोची एक्सपल्स, किंवा तिची थोरली बहीण, २०११ ची इम्पल्स, जी बिचारी फार कोणी घेतली नाही. किंवा मग घरच्याच जुन्या गाडीचं मडगार्ड वर उचलून केलेली एखादी. काटेकोर पाहिलं तर जिल्ह्यातला सर्वोत्तम स्वार म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून भर पावसात स्प्लेंडरवर येणारा दूधवाला. पण ही मार्गदर्शिका त्याच्या उपयोगाची नाही. त्यानं हा नाद धरलेलाच नाही, सोडेल काय?

चाचणीला सुरुवात मातीपासून. पहिला दणदणीत पाऊस होऊन गेला, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की सकाळी गाडी काढावी. देवळीकडची, सेलूकडची, कोणतीही पांदण चालेल. हिंगणघाट-समुद्रपूरकडची असल्यास उत्तम. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पऱ्हाटीला ती मानवते, कारण ओल धरून ठेवते. चाकालाही ती तशीच धरून ठेवते. पहिल्या पन्नास पावलांत टायरच्या खाचा बुजतात, पुढच्या पन्नासांत मातीचा थर मडगार्डला भिडतो, आणि मग इंजिन फिरतं, डोकं फिरतं, चाक तेवढं फिरत नाही. डर्ट बाईकचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच का असतं, ते शोरूममध्ये कळत नाही, इथे कळतं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले तेव्हा वर्ध्याहून तिथे धड रस्ता नव्हता. पुढे त्याच शेगावचं सेवाग्राम झालं आणि डांबरही आलं. पण मातीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

गाडी रुतली की उतरावं आणि आपण सर्वांत आधी काय पाहिलं, याची प्रामाणिक नोंद करावी. पंचविशीतला माणूस आधी आजूबाजूला कोणी पोरगी पाहत नाही ना, ते पाहतो. पस्तिशीतला क्लचचा लिव्हर तुटला का, ते पाहतो. पंचेचाळिशीतला मोबाईलला रेंज आहे का, ते पाहतो. तुम्ही मोबाईल पाहिला असेल तर अर्धा निकाल तिथेच लागला.

उरलेला निकाल हाताला विचारावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून ‘वर्धा योजना’ निघाली: मुलानं पुस्तकाआधी हातानं काम करत शिकावं. सरकारांनी ती पुढे कपाटात ठेवली. आम्ही मात्र निष्ठेनं राबवली, फक्त टकळीच्या जागी क्लच. तीन तास पांदणीत अर्धा क्लच दाबून घरी यावं, हातपाय धुवावेत आणि पाण्याचा भरलेला गडवा डाव्या हातानं उचलून पाहावा. न थरथरता तोंडापर्यंत आला तर अजून एक हंगाम आहे. थरथरला तर गडवा जड आहे असं म्हणावं. गुडघ्यांचीही अशीच चौकशी करावी, कारण खड्ड्यांतून फुटरेस्टवर उभं राहून जायचं असतं आणि तेव्हा खरी स्प्रिंग गुडघ्यात असते. एक्सपल्सचा पुढचा शॉक १९० मिलिमीटर दबतो असं कंपनी छापून देते. तुमचा गुडघा किती दबतो, हे कोणी छापून देत नाही.

इथे थोडं गंभीर व्हावं लागेल. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणजे सी. एस. संतोष, साल २०१५. हाच संतोष जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात त्याच रॅलीत पडला आणि डॉक्टरांना त्याला औषधं देऊन बेशुद्ध ठेवावं लागलं. तो सावरला. त्याच्या दिमतीला हेलिकॉप्टर होतं. आपल्या दिमतीला तुरीचं वावर असतं. तेव्हा एकट्यानं जाऊ नये, आणि हेल्मेट, बूट, गुडघ्या-कोपरांचे गार्ड घातल्याशिवाय तर नाहीच नाही. मे महिन्यात ४६ अंशांत हा सगळा साज चढवला की माणूस भरल्या वांग्यासारखा शिजतो. शिजावं.

पुढची पायरी, घरातली कार्यकारिणी. इंग्रजांनी हा देश सोडावा, हा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच केला. मुंबईत ८ ऑगस्टला त्यावर शिक्कामोर्तब झालं एवढंच. त्यामुळे ‘ही गाडी या घरातून गेली पाहिजे’ असे शब्द स्वयंपाकघरातून आले तर दचकू नये, त्याला स्थानिक परंपरा आहे. आमच्याकडे हा ठराव दरवर्षी पोळ्याच्या सुमारास येतो. तोवर माझं पावसाळ्यातलं पडणं उरकलेलं असतं. उत्तरादाखल मी एकदा नम्रपणे निदर्शनास आणलं की ठराव झाल्यावरही इंग्रजांना जायला पाच वर्षं लागली होती. ‘अहो, पण ते पडत नव्हते,’ असं उत्तर आलं. इच्छुकांनी या मुद्द्याची तयारी करून ठेवावी. माझी अजून झालेली नाही.

ज्येष्ठांचा सल्ला घेण्यास हरकत नाही, पण त्यांच्या तारखा तपासाव्यात. आमचे बाबा शंकरपटाचे शौकीन. पट कसा सोडला, हे ते कोणालाही सांगतात: ‘एक दिवस म्हटलं, बस झालं आता.’ तो एक दिवस म्हणजे ७ मे २०१४, सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तो. १६ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयानं महाराष्ट्राला अटी घालून परवानगी दिली, २०२३ मध्ये घटनापीठानं कायदाही उचलून धरला, आणि बाबा काठी टेकत पुन्हा पटावर हजर. मी त्यागाची आठवण करून दिली. म्हणाले, ‘पाहाले जातो. पाहनं कोनी सोडलं होतं?’

तरीही आदर्श हवाच असेल तर तो पवनारचा घ्यावा. विनोबा सप्टेंबर १९५१ मध्ये धाम नदीकाठच्या आश्रमातून निघाले ते १९६४ मध्ये परतले, मधला सगळा हिशेब पायी. पुढे १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला: आता पवनार सोडून कुठे जायचं नाही. क्रम लक्षात घ्यावा. आधी देश तुडवला, मग बसले. तुमच्या मीटरवर अठरा हजार किलोमीटर असतील आणि त्यातले बारा हजार नागपूरला जाण्यायेण्याचे, तर क्षेत्रसंन्यास या शब्दाला हात लावू नये. तुम्हाला झालाय त्याला कंटाळा म्हणतात.

इतकं करूनही निर्णय होत नाही. मग जिल्ह्याचा नकाशा उघडावा आणि आपली गाडी कुठेकुठे चालत नाही ते लाल शाईनं रंगवावं. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो, येळाकेळीला आणि विरूळला त्याला तोंडं आहेत, पण दुचाकीला तिथे मनाई. जिल्ह्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता आम्ही खालून पाहतो. बोरच्या जंगलातल्या लाल मुरमाच्या वाटा पाहून हात शिवशिवतात. पण २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाघाच्या घरात फटफटी नको हे मलाही पटतं.

उरल्या पांदणी. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मध्ये बंडीच्या चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांच्या मधोमध गवताचा उंचवटा. चाकोरीत पुढचं चाक एकदा उतरलं की हँडल आपलं राहत नाही. ती नेईल तिकडे जायचं, आणि जोर करून बाहेर पडू गेलं की आडवं. चाकोरीबाहेरच्या जगण्यावर व्याख्यानं देणाऱ्यांना एकदा तरी ओल्या चाकोरीतून चाक काढायला लावलं पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी अशाच एका पांदणीत आडवा होतो. बाजूच्या वावरातून एक आजोबा आले. त्यांनी आधी गाडीची चावी बंद केली, मग मला उठवलं, आणि विचारलं, ‘कुठं जाऊन राह्यले होते?’

म्हटलं, कुठंच नाही. असंच.

ते बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले. ‘आमी ह्या रस्त्यासाठी तीन सालापासून अर्ज देऊन राह्यलो भाऊ. पावसाळ्यात बंडी निघत नाही, डोक्यावर खत न्या लागते. अन् तुमी याच्यासाठी पेट्रोल जाळून येता?’

मार्गदर्शिकेत या प्रश्नासाठी एक प्रकरण राखून ठेवलं आहे. ते अजून लिहून झालेलं नाही.

पुण्याची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली, तेव्हा क्रीडासंकुलात माती टाकून ढिगारे आणि उड्या मुद्दाम रचल्या होत्या. आमच्याकडे मातीला तोटा नाही, ती झाकायला निधी लागतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली, आणि जिथे अर्ज वर सरकले तिथे चाकोऱ्यांवर मुरूम आणि खडी पडू लागली. आजोबांचाही अर्ज सरकला. यंदा त्यांचा कापूस ट्रॅक्टरनं थेट वावरातून निघाला. मी गाडी घेऊन गेलो, तिसऱ्या गिअरमध्ये चार मिनिटांत पांदण संपली. आजोबा धुऱ्यावर उभे होते. ‘आता कसं वाटते भाऊ?’ मी म्हटलं, मस्त. आणि गाडी वळवून पुन्हा त्या चार मिनिटांतून परत आलो. लाल शाई संपत आली आहे, हे त्या दिवशी कळलं.

शेवटची पायरी विक्रीची. इथे वर्धेकराची थोडी पंचाईत होते. ज्या जमनालालजींनी पदवी परत केली त्यांच्याच घराण्याच्या बजाज ऑटोनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पैसा घातला. आणि केटीएम म्हणजे २००१ पासून २०१९ पर्यंत डाकारचं मोटारसायकलींचं विजेतेपद दुसऱ्या कोणाला मिळू न देणारी कंपनी. म्हणजे त्यागाचा माग काढत निघा की चिखलाचा, वाटेत बजाजवाडी लागतेच. तेव्हा विकताना अपराधी वाटेल. जाहिरात मात्र निर्विकार असावी. ‘फक्त रविवारी चालवलेली’ असं लिहू नये. जाणकारांना रविवारी काय होतं ते माहीत असतं.

माझी जाहिरात पाहून पुलगावहून एक पोरगा आला. बुटांवर पॉलिश होती. का विकता, म्हणून त्यानं विचारलं. मी गुडघा सांगितला.

‘एक चक्कर मारू का काका?’

नाल्यापलीकडच्या पांदणीवर अजून मुरूम पडलेला नाही. तिकडे वळ, असं मी त्याला दोनदा सांगितलं. पाच मिनिटांत तो परत आला. टायर कोरडे, स्वच्छ. ‘डांबरीनंच गेलो काका. भारी स्मूथ आहे.’

मी किंमत दहा हजारांनी वाढवली. तो थोडा वेळ थांबला, हसला आणि गेला.

बायको दारात उभी होती. ‘अहो, गुडघ्याचा भाव वाढला का?’

म्हटलं, टायर नवे आहेत.

तिनं काही न बोलता पाण्याचा गडवा पुढे केला. मी तो उजव्या हातानं घेतला.