मालकानेच पुकारलेला बंद

महाराष्ट्रात बंदचं एक शास्त्र ठरून गेलेलं आहे. बंद विरोधकांनी पुकारायचा, सरकारने कडक कारवाईचा इशारा द्यायचा, दुकानदारांनी शटर अर्धं ओढून आत बसायचं आणि संध्याकाळी एकाच शहरातला एकच बंद पुढाऱ्यांनी 'शंभर टक्के यशस्वी' तर पोलिसांनी 'संमिश्र' ठरवायचा. सत्तेवर बसलेल्यानेच आपलं सरकार बंद पाडायचं आणि वर त्याचा अभिमान मिरवायचा, ही कल्पना मात्र आपल्या एकाही पक्षाला अजून सुचलेली नाही. अमेरिकेला प्रगत राष्ट्र म्हणतात ते काही उगाच नाही.

11 डिसेंबर 2018 चा तो प्रसंग आठवा. व्हाइट हाउसमधलं राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. डोनाल्ड ट्रम्प, डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॅन्सी पेलोसी, चक शूमर आणि समोर कॅमेऱ्यांची गर्दी. हे भांडण पत्रकारांदेखत नको, असं पेलोसी म्हणत होत्या. अध्यक्षांना तर ते पत्रकारांदेखतच हवं होतं. सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमानच वाटेल, दोष मी तुम्हाला देणार नाही, असं त्यांनी शूमरना ठणकावलं. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स सगळा वेळ शेजारच्या खुर्चीत डोळे मिचकावत गप्प बसून होते. त्या खोलीतलं सर्वांत शहाणपणाचं भाषण तेच.

वाद होता मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीचा. 2016 च्या प्रचारात तिचं बिल मेक्सिको भरणार होता. मेक्सिकोने साफ हात वर केल्यावर ते बिल 5.7 अब्ज डॉलरचं होऊन अमेरिकन करदात्याच्या दारात आलं. दरम्यान काँक्रीटची भिंत पोलादी पट्ट्यांची झाली. समोरची मंडळीही धुतल्या तांदळासारखी होती असं नव्हे. सीमेवर सुमारे 700 मैलांचं कुंपण घालायच्या 2006 च्या कायद्याला याच शूमर यांनी मत दिलं होतं. जानेवारी 2018 मध्ये, लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या तरुणांच्या प्रश्नावर तीन दिवस सरकार बंद पडलं, तेव्हाही त्यांनी भिंतीचा विषय टेबलावर ठेवला आणि मग उचलून खिशात टाकला. वर्षअखेरीला मात्र पेलोसीबाईंनी भिंत अनैतिक ठरवली. कुंपण नैतिक आणि भिंत अनैतिक, ही सीमा नेमकी कुठून जाते ते कुणी आखून दिलं नाही.

आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प फेटाळला गेला तर सरकार पडतं आणि मंत्री घरी जातात. तिकडे खर्चाचं विधेयक अडलं तर मंत्री जागेवर राहतात आणि शिपाई घरी जातो. कायदा 1884 चा, मंजुरीविना खर्च करू नका एवढंच सांगणारा. त्याचा अर्थ कार्यालयांना कुलूप असा काढला तो 1980 मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी. त्याआधीही निधी अडायचा, पण कचेऱ्या चालायच्या.

तर ऐन नाताळाच्या तोंडावर, 22 डिसेंबरला कुलूप लागलं. आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना अत्यावश्यक म्हणून कामावर यायला सांगितलं. आपल्या बंदमधून दूध आणि रुग्णवाहिका वगळतात, तसं यांनाही वगळलं; फक्त पगारातूनसुद्धा वगळलं. सीमेवर गस्त घालणारे जवानही त्यातच होते. म्हणजे ज्यांच्या मदतीसाठी भिंत हवी होती, तेच बिनपगारी.

खरी मौज पुढे आहे. कोण देशात राहू शकतो आणि कोण नाही याचा निवाडा करणाऱ्या इमिग्रेशन न्यायालयांतल्या हजारो तारखा रद्द झाल्या. तिथे आधीच आठ लाखांहून अधिक खटले तुंबले होते. ज्यांना हाकलायचं त्यांनाच पुढची तारीख मिळाली. नोकरीवर घेतलेला माणूस कायदेशीर आहे का, हे मालकाला तपासता यावं म्हणून 'ई-व्हेरिफाय' नावाची सरकारी यंत्रणा आहे, तीही बंद. चालू राहिला तो स्थलांतरितांचे अर्ज हाताळणारा विभाग, कारण त्याचा खर्च अर्जदारांच्या शुल्कातून निघतो. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या एच-वन-बी व्हिसाच्या फाइली त्यामुळे हलत राहिल्या. घुसखोरी थांबवण्यासाठी पुकारलेल्या बंदात स्थलांतरितांच्या पैशावर चालणारं दुकान तेवढं उघडं होतं!

वरच्या मजल्यावर दुसराच खेळ. पेलोसींनी अध्यक्षांना पत्र लिहून काँग्रेसपुढचं वार्षिक भाषण पुढे ढकलायला सुचवलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पेलोसींच्या परदेश दौऱ्याचं लष्करी विमान काढून घेतलं. व्हाइट हाउसचे आचारीही रजेवर, म्हणून कॉलेज फुटबॉलच्या विजेत्या संघाला चांदीच्या तबकांत, मेणबत्त्यांच्या उजेडात बर्गर वाढले गेले. लिंकन साहेब भिंतीवरच्या तसबिरीतून बघत होते. घरी बसलेल्यांना फुकटची सुटी मिळाली, म्हणजे एका अर्थी त्यांचं बरंच झालं, असा हिशेब अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार केव्हिन हॅसेट यांनी मांडला. कोट्यधीश वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांना तर कर्मचारी मोफत धान्याच्या रांगेत का उभे राहतात तेच कळेना. कर्ज काढावं की! उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट निदान असा उंच हवा. तटरक्षक दलाच्या जवानांना सल्ल्याचा एक कागद मिळाला होता: घरातलं जुनं सामान विका, लोकांची मुलं सांभाळा, कुत्री फिरवून आणा. बोभाटा झाल्यावर कागद मागे घेतला. भांडणाऱ्या खासदारांचा पगार या काळात एका दिवसानेही थांबला नाही. त्याची सोय कायद्यात कायमची आहे.

चार लाखांवर माणसं महिनाभर बिनपगारी राबली, कुणाचं काही अडलं नाही. 25 जानेवारीला मात्र मोजके हवाई नियंत्रक आजारी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं अडली आणि त्याच दुपारी 35 दिवसांचं कुलूप निघालं. पुढे फेब्रुवारीत भिंतीच्या नावाने मिळाले 1.375 अब्ज, 55 मैलांपुरते. बंदच्या आधी सिनेटच्या विधेयकात 1.6 अब्ज होते. अर्थव्यवस्थेचे 3 अब्ज कायमचे बुडाले, असं काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने सांगितलं. उरलेल्या भिंतीसाठी अध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करून लष्कराच्या पैशाला हात घातला. हे करायचंच होतं तर पहिल्या दिवशी करून बंद वाचवता आला असता, पण मग अभिमान कशाचा वाटला असता?

कायम कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळाला. त्यासाठी कायदाच झाला. त्याच इमारती झाडणारे, दारावर पहारा देणारे, कँटीनमध्ये ताटं उचलणारे कंत्राटी कामगार त्यात बसत नव्हते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच अध्यक्षांच्या राज्यात सरकार पुन्हा बंद पडलं, या वेळी आरोग्यविम्यावरून आणि तब्बल 43 दिवस. कंत्राटी माणसाला मागचा पगार देणारा कायदा तेव्हाही नव्हता.