कोजागरीच्या दुधाला लसणीचा वास

अहो, ऐकलंत का? जरा अशा या बाई, भिंतीपाशी. तो मोगऱ्याचा डबा सरकवा थोडा, हां. आमचं लसूण-प्रकरण तुमच्या बिल्डिंगपर्यंत आलंच असणार म्हणा. मुलुंड ईस्टला काही लपून राहतं का? पण तुम्ही ऐकलंत ते निम्मं. उरलेलं निम्मं फक्त माझ्याकडे आहे.

तर कोजागरीची रात्र. आम्ही सगळे खाली कंपाउंडमध्ये, चटया-खुर्च्या टाकून. दूध छान आटवलेलं, वर चंद्र, सेक्रेटरींचं भाषण नुकतंच संपलेलं. तेवढ्यात पोरांचा बॉल गेला भिंतीलगतच्या वाफ्यात. तोच हो, दसऱ्याचा झेंडू लावतो तो. घटाला मातीसुद्धा आम्ही तिथूनच नेतो. बॉलमागे चार पोरं घुसली, धुडगूस घातला, आणि एकदम… वास! सेक्रेटरींनी पेला नाकाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. म्हणाले, "मसाल्यात काय घातलंय?" आता मसाला कुटलेला त्यांच्याच मिसेसनी. त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. जायफळ, वेलची, केशर, सगळं मोजून दाखवायला लागल्या बिचाऱ्या.

मग ३०२ चे काका उठले. रिटायर्ड संस्कृतचे शिक्षक, माहितीयत ना. मोबाइलचा टॉर्च मारून वाकले, एक पात चुरगळून हुंगली आणि जाहीर केलं, "लसूण आहे ही. संस्कृतात रसोन. सहा रसांतला एकच उणा, आंबट." तो उणा रस सगळा सेक्रेटरींच्या तोंडावर जमा झाला होता! बघते तर खरंच, झेंडूच्या मागे दोन रांगा, चार-सहा बोटं वाढलेल्या, हिरव्यागार. पंधरा दिवस कुणाच्या लक्षात नाही. लसणीचं तसंच असतं ना, नुसती उभी असली की चिडीचूप, चिरडली की सगळ्या वाडीला कळतं.

सेक्रेटरी म्हणाले, "उद्याच माळ्याला सांगून उपटतो. जैन मेंबर आहेत, त्यांच्या भावना…" तर १०१ च्या बेन ताडकन उभ्या राहिल्या. "ना ना! उपटायचं कशाला? जमिनीतलं उपटावं लागतं, मुळाशी केटला जीव मरतात, म्हणून तर आम्ही खात नाही. राहू द्या तिथंच." झालं! ज्यांच्या नावानं उपटायची, त्यांनीच वाचवली. सेक्रेटरी गप्प. दुसरा पेला घेतला त्यांनी. नाक धरून.

पण लावली कुणी? आता तुम्हीच सांगा, तुमच्या डोक्यात पहिलं नाव कुणाचं येईल? ३०२ च्या वहिनींचंच ना? माझ्याही आलं. त्यांचा लसणीचा इतिहास काय थोडाथोडका आहे? २०२४ मध्ये लसूण चारशे रुपये किलोच्या घरात गेली होती, आठवतंय? आम्ही फोडणीत दोन पाकळ्या टाकताना हिशेब करत होतो. अकोल्याला तर सिमेंटचे गड्डे विकल्याचं बातम्यांत आलं होतं. तेव्हा ह्यांनी ठरवलं, घरीच पिकवायची. पहिल्या खेपेला आणली सुपरमार्केटातली सोललेली लसूण! अहो, तिचा बुडखा छाटलेला, साल काढलेली, मूळ फुटणार कुठून? आठ दिवसांत कुंडीत लगदा. दुसऱ्या खेपेला ऑनलाइन मागवलं "लसणीचं बी". काळं, बारीक. लसूण कुठे बियांनी लावतात का, ती पाकळीनंच लावतात. जे उगवलं ते काय होतं, अजून काकांनाही सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला कुणी तरी सांगितलं, मुंबईत थंडी नाही, गड्डा धरायला थंडी लागते, तर पाकळ्या महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. ठेवल्या. शेजारी श्रीखंड. त्या दसऱ्याला त्यांच्या जावईबापूंनी पहिला घास घेतला आणि… जाऊ दे, तो बिचारा काही बोलला नाही. पण वाटी पुढे सरकली नाही.

तर काय सांगत होते… हां. मी बोलले. भर कोजागरीत, सगळ्यांसमोर. "वहिनी, या वर्षी फ्रिज सोडून सोसायटीच्या वाफ्यात का?" पिकला की हो हशा! आणि वहिनी… त्या हसल्या नाहीत. "मी लावलेली नाही," एवढंच म्हणाल्या, पेला खाली ठेवला, पदर सावरला नि वर गेल्या. दूध तसंच. काकाही टॉर्च विझवून मागोमाग. आणि मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं! कोजागरीच होती ना, अगदी फिट्ट बसलं.

आता ऐका पुढचं. हळू बोलते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची टोपली काढली. आमच्या सासूबाईंचं माहेर खेडचं, म्हणजे राजगुरुनगर. तिथे कांदा-लसणीवर संशोधन करणारं सरकारी केंद्रच आहे, भीमा ओंकार, भीमा पर्पल अशी वाणं काढलीत त्यांनी. पण सासूबाईंची लसूण भावाच्या वावरातली, गावठी, बारीक, डोळ्यांत पाणी आणणारी. उन्हाळ्यात जुडी येते. कांदेनवमीला शेवटची भजी होतात, आषाढी एकादशीपासून त्या चातुर्मास पाळतात, आणि त्यांच्या वाटणीचे गड्डे टोपलीत पडून राहतात. तर टोपलीत काय? नुसती सालं!

विचारलं. त्या जपमाळ ओढत होत्या. म्हणाल्या, "कोंब फुटले होते. घटाची माती आणायला गेले तेव्हा लावून टाकली."

"अहो, पण तुमचा चातुर्मास!"

"खायची नाही म्हटलंय. लावायची नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

आणि मग मलाच शिकवलं बाईंनी. बाहेरच्या जाडजूड पाकळ्या तेवढ्या निवडायच्या, आतल्या बारीक फोडणीला. साल काढायचं नाही. टोक वर, बुडखा खाली, दोन पेरांएवढं खोल, मध्ये चार बोटांचं अंतर. पाणी बेताचं, नाही तर कुजते. ऊन मात्र भरपूर हवं, म्हणून तो भिंतीलगतचा वाफा. मी म्हटलं, "गड्डा कधी होणार?" तर म्हणाल्या, "इथे कसला गड्डा? गावाला चार-साडेचार महिने लागतात, आणि थंडी लागते. मुंबईत फेब्रुवारीतच घाम. इथे पात खायची. घट बसल्यापासून कार्तिकी एकादशी चाळीस दिवसांवर. चातुर्मास सुटतो त्या दिवशी पात तयार!" अहो, हिशेब बघा म्हातारीचा! देवालाही फसवलं नाही आणि जिभेलाही.

मी म्हटलं, "मग कोजागरीला बोलला का नाहीत? तिथेच तर बसला होतात, दोन पेले दूध प्यायलात!"

माळेचा मणी पुढे सरकला. "तू बोलत होतीस ना. मध्ये कशाला बोलू?"

तोंड कुणाचं पडलं असेल? मघापासून इतरांची सांगतेय, पण माझं असं पडलं की दारातल्या आरशातही बघवेना.

परवा द्वादशीला पारणं झालं. सासूबाई स्वतः कात्री घेऊन खाली उतरल्या, १०१ च्या बेनना आधी दाखवलं, नुसती पात कापतेय, मुळाला हात लावत नाही. पिठल्यात घातली वरून. काय सांगू! सी विंगच्या सुरती बेननी तर संक्रांतीच्या उंधियोसाठी आत्ताच नंबर लावलाय. आणि कापलेली पात पुन्हा फुटते म्हणे, दोन-तीनदा तरी.

हं, तर ही जुडी तुमची. आणि ही दुसरी… ३०२ ला द्याल? तुमचं त्यांच्याशी बरं आहे. लिफ्टमध्ये भेटलं की त्या माझ्याकडे बघतच नाहीत, मजल्याचे आकडे बघतात. माझं नाव नका सांगू. नाही, सांगा. नको, नकोच. सासूबाईंनी दिली म्हणा. तेही खरंच आहे. आणि त्या टोपलीत सालांखाली तीन कोंबवाल्या पाकळ्या उरल्या होत्या, त्या जुडीत बांधल्यात. टोक वर, म्हणावं. साल काढू नका म्हणावं. फ्रिजचं… फ्रिजचं काही बोलू नका.

आणि हो, सासूबाईंनी लावली हे कुठे बोलू नका हं, तुम्हाला म्हणून सांगितलं. बी विंगला तर मी कालच…