दीड इंच माया

टेम्पोतून शिलाई मशिन उतरवलं तेव्हा सोसायटीचा वॉचमन धावत आला आणि म्हणाला, "ताई, भंगार इथं नका ठेवू, आज त्याची गाडी येत नाही." मी म्हटलं, हे भंगार नाही, विकत आणलंय. त्यानं एकदा मशिनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता लिफ्टचं दार उघडून धरलं. घरात कुणाला बरं नसलं की धरतात, तसं.

या प्रकरणाला सुरुवात झाली ती एका कुडत्यापासून. साडेसहाशे रुपयांचा सुती कुडता दोन धुण्यांत असा विटला, की मी त्याच रात्री जेवताना जाहीर केलं, यापुढे साधी राहणी. नवं काही घ्यायचं नाही. लागेल ते जुन्यातलं शोधायचं, कपडे घरी शिवायचे. अहोंनी विचारलं, "म्हणजे उद्यापासून शिकरण बंद का?" सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन नळाच्या तोटीवर उलटी वाळत घालत होत्या. गेली कित्येक वर्षं त्या ती तशीच घालतात आणि शंभर झाल्या की भंगारवाल्याला मोजून देतात. त्यांचं वय एक्क्याऐंशी. याला साधी राहणी म्हणतात हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी गेले. तिथं फरशीवर फडकी अंथरून जे मांडलेलं असतं, त्याला माल म्हणावं की एखाद्या घराची झडती, हे पटकन ठरवता येत नाही. नळाच्या तोट्या, हॅण्डल नसलेल्या किसण्या, थांबलेली घड्याळं, अडकित्ते, डाव्या पायाचा एक उत्तम बूट. उजव्याचं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "येईल की पुढच्या बुधवारी." मी तीन अडकित्ते घेतले. आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही.

यावरून अहो बोललेच. मी त्यांना दिनकर केळकरांचा दाखला दिला. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारा हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, घरगुती भांडी गोळा करत राहिला, आणि 1975 साली तो सगळा संग्रह त्यांनी सरकारच्या हवाली केला. आज लोक तिकीट काढून ते अडकित्ते बघतात. अहो म्हणाले, "मग तूही दे की सरकारला."

मशिन मात्र मला बघताक्षणी आवडलं. काळंभोर, पायानं चालवायचं, बिडाच्या स्टॅण्डवरचं. नावाची सोनेरी अक्षरं पार पुसून गेलेली. "चालतं का?" मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "चालवलं तर चालतंय की." एवढं प्रामाणिक उत्तर मला शोरूममध्ये कधी मिळालेलं नाही, म्हणून मी फारशी घासाघीस न करता अठराशे रुपये देऊन टाकले.

रात्री अहोंनी वहीत हिशेब मांडला. मशिन 1800, टेम्पो 500, मेकॅनिक 700, नवी वादी 120, तेल-सुया-बॉबिन 180. एकूण 3300. "यात पाच कुडते आले असते," ते म्हणाले, "आणि उरलेल्या पन्नासात भेळ."

मी मग थेट गांधीजींनाच मधे आणलं. यंत्रांबद्दल त्यांची मतं सर्वांना ठाऊक आहेत. पण 1924 साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला खास अपवाद केला होता. बायकोला हातानं टाके घालत बसावं लागतं हे न बघवून सिंगरनं ते यंत्र केलं, म्हणजे त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. अहो गप्प झाले. मी नको तिथं आणखी वाचत बसले. या सिंगरसाहेबांनी एकाच वेळी अनेक घरी संसार थाटले होते आणि मुलं वीसच्या वर होती. एवढ्यांचे कपडे शिवायचे म्हटल्यावर कुणीही यंत्राच्याच मागे लागेल. हे मी अहोंना सांगितलं नाही.

कापडाचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. ट्रंकेतून त्यांनी आजेसासूबाईंचं इरकली लुगडं काढून दिलं. हिरवंगार, लाल पदराचं, पूर्ण नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. "विरलंय, कापलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण पदराचा जोड सांभाळ हो." मला वाटलं संस्कारांबद्दल काही म्हणतायत. मी मान डोलावली.

लुगडं हातात असेपर्यंत त्यांनी त्याच्या जातभाईंचं पुढं काय काय व्हायचं ते सांगितलं. मधोमध विरलं की तिथून फाडायचं, विरलेला भाग काढून दांड घालायचा आणि परत नेसायचं. दांड घालूनही भागेना झालं, की मुलींना परकर. परकर अपुरे पडले, की बाळंतिणीच्या घरी दुपटी आणि झबली, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत बाळाला टोचत नाही. मग गोधडीच्या पोटात. गोधडी उसवली की पायपुसणं. त्यातून जे उरेल त्यानं कंदिलाची काच पुसायची आणि अगदीच काही उरलं नाही, तर पीळ देऊन काकडा करायचा, तेलात बुडवायचा. "आमच्या सासूबाईंचं एक लुगडं तर," त्या म्हणाल्या, "त्या गेल्यावर चौदा वर्षं घरात होतं." माझा साडेसहाशेचा कुडता दोन धुण्यांत संपला होता. मी विषय बदलला.

कुडता बेतायची माझी पद्धत सोपी होती. कापडाची चौघडी घालायची, त्यावर अंगाला नीट बसणारा जुना कुडता ठेवायचा, खडूनं कडेकडेनं रेघ मारायची आणि रेघेवर कात्री. गळा, मुंढा, बाही, सगळं रेघेवर. खिसा तेवढा नंतर आठवला. तो अंदाजानं, मोठाच कापला गेला.

इरकलीच्या पदराचं ताणं वेगळं असतं आणि ते अंगाच्या ताण्याला एकेक फास अडकवून जोडलेलं असतं, हे मला कात्री त्या जोडावरून गेल्यावर कळलं. लाल आणि हिरवं एकमेकांचा हात सोडून दोन दिशांना सुटायला लागले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

मशिननंही बराच छळ केला. पायटा उलटा पडला की चाक मागे फिरे, दोरा तुटे, आणि कापडाच्या खाली कावळ्यानं बांधावं तसं दोऱ्याचं घरटं तयार होई. मेकॅनिकला दुसऱ्यांदा बोलावलं. त्यानं दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "सुई उलटी लावलीय तुम्ही." त्याचे शंभर रुपये वहीत वेगळे लिहिले गेले.

आठ दिवसांनी कुडता तयार झाला. मी घालायला घेतला. तो डोक्यातून उतरला, खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. ना खाली, ना वर. मी आतून हाका मारल्या. अहो आले. "हात वर कर," ते म्हणाले. "वरच आहेत!" मी कापडातून ओरडले. शेवटी सासूबाईंनी काखेतली शिवण उसवून माझी सुटका केली आणि कुडता उलटा करून कडा बोटानं चाचपली.

"अगं, माया कुठंय?"

मला काही कळेना.

"शिवणीसाठी दीड इंच माया सोडायची असते बाहेर. रेघेवर कुणी कापतं का? मायाच नाही ठेवलीस तर अंगात कसं बसणार?"

मी अजूनही एका बाहीत अडकलेली होते. त्या अवस्थेत हे ऐकून मला खरं तर गहिवरून आलं असतं, पण त्या निव्वळ कापडाबद्दल बोलत होत्या.

मग बोहारीण आली. हल्ली त्या फारशा दिसत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या मावशी कधीतरी दोन महिन्यांनी डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन येतात. मी कुडता पुढं केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, दोन्ही हातांनी ताणला, काखेतल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे काय हाय?"

"कुडता."

"कुनाचा?"

मी उत्तर दिलं नाही. "आख्खी साडी असतानी दिली असती, तर पातेलं दिलं असतं," मावशी म्हणाल्या. "आता ह्याचा चिंधीचाबी भाव येत न्हाई." शेवटी अहोंच्या दोन पँटींवर एक स्टीलची चाळण मिळाली. त्यातली एक पँट अहो अजून शोधतायत.

कुडता सासूबाईंनी ताब्यात घेतला. एका दुपारी ब्लेडनं सगळ्या शिवणी उसवल्या, तुकडे दाबून सरळ केले, उरलेलं लुगडं घडीवर घडी घालून जमिनीवर अंथरलं, आणि वैशाखभर त्या गोधडीवर वाकून होत्या. कडेपासून सुरू करून आत आत सरकत जाणारा धावदोरा, एकाला एक लागून. मशिन शेजारीच उभं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही. त्यावर चष्म्याचं घर आणि दोऱ्याची रिळं तेवढी ठेवायच्या. नंतर त्यावर तुळशीची कुंडी आली. आता ते खरंच छान दिसतं, असं पाहुणेसुद्धा म्हणतात.

परवा पाऊस लागला होता, गारठा होता, म्हणून त्यांच्या अंगावर गोधडी घालायला गेले. हिरव्यात लाल तुकडे, वर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी. एका कोपऱ्यात हाताला काहीतरी वेगळं लागलं. माझ्या कुडत्याचा खिसा, तसाच्या तसा, गोधडीला बसवलेला.

"तो नाही उसवला," सासूबाई म्हणाल्या. "त्याला तेवढी माया होती." आणि खिशात अमृतांजनची बाटली टाकून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.