पंचगंगेचा टंच

चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीला जागतिक घडामोडी कळायला वर्तमानपत्र लागत नाही. चांदीचा दर निघाला की जगाचं बरं चाललंय की वाईट, ते आपोआप कळतं. अमेरिकेनं कुणावर टॅरिफ लावला, कुठं लढाई पेटली, दिल्लीत आयात शुल्क वाढलं की घटलं, सगळ्याचा हिशेब शेवटी पैंजणाच्या मजुरीवर येऊन टेकतो. जुलै 2024च्या अर्थसंकल्पात चांदीवरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्के झालं, तेव्हा अर्थमंत्र्यांचं भाषण संपण्याआधीच गावात वजाबाकी सुरू झाली होती. इतकं जागरूक गाव दिल्लीतही सापडायचं नाही.

अशा गावाला हवामान बदल कळणार नाही, असं कसं होईल? 2021मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी 2070पर्यंत देश नेट झिरो करण्याचा शब्द दिला. जगानं टाळ्या वाजवल्या. मग 2024मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौरऊर्जा बसवायची योजना आली. उत्तमच झालं. आता सौरपॅनेलवर ज्या बारीक, करड्या रेघा दिसतात ना, त्या चांदीच्या लेपाच्या असतात. जगभर पॅनेलं वाढली, चांदी तिकडं खेचली गेली. त्यात गुंतवणूकदारांची हाव आणि टॅरिफची भीती मिसळली. 2025च्या सुरुवातीला नव्वद हजारांच्या घरात असलेली किलोभर चांदी वर्ष संपता संपता दोन लाखांच्या पार गेली. पृथ्वी वाचवायला निघालेल्या मंडळींचा पहिला हात पडला तो नवरीच्या पायावर. पैंजण हलकं झालं, घुंगरं कमी झाली, आणि ‘लग्नापुरतं दिसलं म्हणजे झालं’ असं म्हणणारं गिऱ्हाईक वाढलं. हरित ऊर्जेसाठी एवढा त्याग दुसऱ्या कुठल्या गावानं केलाय? पण पुढच्या परिषदेला हुपरीला बोलावतील तर शपथ!

तरी कट्ट्यावर तक्रार नाही. कट्ट्याला मोठे विषय आवडतात. अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायचं कर्नाटकाच्या मनात आहे, हे इथल्या शेंबड्या पोराला दशांश चिन्हासकट पाठ. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना पुराचा इशारा आणि 43 फुटांना धोका, हेही पाठ. शक्तिपीठ महामार्गावर तर दोन्ही बाजूंनी भाषण करणारे एकाच बाकड्यावर बसलेले असतात, आणि कधी कधी तो एकच माणूस असतो. पण त्याच बाकड्याखालून वाहणारं गटार किती खोल आहे, असं विचारा. “ते नगरपरिषदेला माहीत!” आणि नगरपरिषदेला विचारलं, तर निधी वरून यायचाय. वर म्हणजे कुठं? मुंबई, दिल्ली, जमलंच तर ग्लासगो.

या गटाराबद्दल गैरसमज नको. चांदीच्या गावातलं गटार ते, साधंसुधं नव्हे. कारखान्यात मूस तापते, चांदी आटते, तार खेचतात, घासतात. शुद्ध करायला चांदी तेजाबात टाकली की तांबूस-नारिंगी धूर निघतो आणि जवळच्याचा घसा धरतो. तो धूर वर जातो आणि सार्वजनिक होतो. चांदीचा कण मात्र खाजगीच राहतो. कामाच्या जागेचा केर कुणी बाहेर टाकत नाही. हात धुतलेलं पाणी भांड्यात साठवतात. एवढं करूनही जे निसटतं, त्याच्या मागावर झारेकरी असतो. तो माती उचलतो, पाण्यात घोळवतो, गाळतो आणि चिमूटभर का होईना, चांदी काढून दाखवतो. त्याच्याकडं ना प्रकल्प अहवाल, ना सल्लागार, ना भूमिपूजनाचा नारळ. तरी गाळ निघतो तो निघतोच.

आता जरा पंचगंगेकडं बघू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून प्रयाग चिखलीला ती होते. गुप्त सरस्वती धरून नद्या पाच. पुढं नरसोबावाडीला कृष्णेला मिळेपर्यंत शहरांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि कापड प्रोसेसर्सचा रंग हेही तिला मिळतात. त्यांना कुणी नद्यांत धरत नाही, एवढंच. मेलेले मासे तरंगले की नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात, मग पाऊस पडतो आणि सगळ्यांचीच पापं धुऊन निघतात. 2012मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं दगावली. या शहरासाठी पंचगंगेनंतर कृष्णेचं पाणी आणलं, वारणेचं दानोळीकरांनी नेऊ दिलं नाही, आता दूधगंगेवर सुळकूडची योजना, आणि तिथंही विरोध. दोन्ही बाजूंना पाणी शुद्धच हवं आहे. दारातली नदी शुद्ध करा म्हटलं, की मात्र तो राष्ट्रीय धोरणाचा प्रश्न होतो.

लोक उठतच नाहीत, असं म्हणायची मात्र सोय नाही. जुलै 2025मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारात गेली, तेव्हा सारा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर आला. पदयात्रा निघाली, सह्यांची मोहीम झाली, आणि लोकांनी वनतारावाल्यांच्याच कंपनीची सिमकार्डं पोर्ट करायला सुरुवात केली. त्याबरोबर जामनगरची माणसं कोल्हापुरात बोलणी करायला हजर! नाद खुळा. आता प्रश्न एवढाच, की पंचगंगा नेमकं कोणत्या कंपनीचं सिम वापरते? ते कळलं असतं, तर आपण कधीच पोर्ट करून मोकळे झालो असतो. पण नदीचं प्रकरण अवघड. तिथं जामनगर सापडत नाही. शोधत गेलं, की आपलीच मोरी सापडते.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. हरित लवाद नको, कृती आराखडा नको, जनजागृतीच्या टोप्या तर नकोच नको. आपण फक्त एक अफवा उठवायची. पंचगंगेच्या गाळाचा टंच काढलाय आणि त्यात चांदी लागलीय! पॅनेलांच्या मागणीमुळं भाव असा चढलाय, की किलोला दोन-चार ग्रॅम सांगितली तरी पुरे.

मग बघा. पहिल्या रात्री टॉर्च घेऊन माणसं नदीत उतरतील. दुसऱ्या दिवशी गाळावर मालकी सांगणारे सात-बारे निघतील. ज्यांनी आजवर एक थेंबही सोडला नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं, तेच ‘हा गाळ आमच्याच नाल्यातून आलाय’ म्हणून पुराव्यासकट कोर्टात जातील. कोण काय किती सोडतो याचा बिनचूक हिशेब प्रदूषण नियंत्रण मंडळाला घरपोच मिळेल. कर्नाटक म्हणेल, गाळ वाहून आमच्याकडं येतो, आमचाही वाटा काढा. दोन महिन्यांत नदीचा तळ आरशासारखा दिसायला लागेल.

चांदी निघणार नाही, हे कळल्यावर लोक चिडतील, ते खरं. पण तोवर प्रत्येक नाल्याच्या मालकाची सही आपल्या हातात असेल.