झिणझिण्यांवर साउंड कार्ड विकणाऱ्यास

दुकानदार महाशय,

तुमचं नाव, दुकानाचं नाव आणि शहर यातलं काहीही मी इथे लिहीत नाही. चार ओळी वाचल्या की हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि तुमच्या जातकुळीतले आणखी जे कुणी असतील त्यांनाही आपापली टोपी बरोबर बसेल.

माझी पुतणी शेंडीहून, म्हणजे भंडारदरा धरणालगतच्या आमच्या गावातून, एस.टी. धरून तुमच्याकडे आली होती. पर्समध्ये काजव्यांच्या हंगामातले पैसे होते. मे सरता सरता मुंबई-पुण्याची माणसं इथली लखलखणारी झाडं बघायला येतात आणि आमच्या घरातल्या बायका मध्यरात्रीपर्यंत चुलीपुढे बसून त्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. त्यातून उरलेले नऊ हजार तिनं तुमच्या काउंटरवर मोजले. तक्रार साधी होती. कॉम्प्युटरला स्पीकर जोडले की अखंड घरघर येते. आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या तरी मागे तीच घरघर. भावंडांबरोबर गेम खेळताना शत्रूची पावलं कुठून येताहेत तेही उमगत नाही. आणि जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं होतं, "कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात."

हे तुम्ही ऐकलंत, आणि ऐकून मागच्या फळीवरचं खोकं काढलंत. "ताई, मदरबोर्डचा साउंड फालतू असतो. हे सेव्हन पॉइंट वन टाका, सगळं क्लिअर होईल." अंगाला करंट लागतोय म्हणणाऱ्या मुलीला तुम्ही लाल दिव्याचं कार्ड विकलंत. हे पत्र त्यासाठी आहे. नऊ हजारांचं दुःख दुसऱ्या नंबरावर.

कार्ड बसवलं. घरघर जिथल्या तिथे. झिणझिण्याही जिथल्या तिथे.

तुमची उभी हयात या धंद्यात गेली असेल, म्हणून पुढचं तुम्हाला नव्यानं सांगायची गरज पडू नये. तरी सांगतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये शिरतानाच फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. त्यातले दोन, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, थेट कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. सप्लायमधला विजेचा गोंगाट त्यांनी थ्री-पिनच्या जाड पिनेतून जमिनीत सोडायचा, अशी सगळी रचना असते. ती पिन जमिनीपर्यंत पोचतच नसेल, तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. पण उद्या आत एखाद्या वायरचं इन्सुलेशन गेलं आणि सबंध २३० व्होल्ट पत्र्यावर आले, तर अर्थिंगच नसल्यामुळे एमसीबी पडत नाही. माणूस पडतो. आषाढात आमच्याकडे फरशीसुद्धा पाझरते. त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ती पोरगी कॅबिनेटचं बटण दाबते.

पत्र्यावर अडकलेली ही वीज स्पीकरच्या केबलमधूनही वाट काढते. तिचं सेकंदाला ५० आवर्तनांचं कंपन आणि त्याची दुप्पट-तिप्पट म्हणजे ती घरघर. तुमचं कार्ड त्याच पत्र्याला स्क्रूनं आवळायचं, त्याच सप्लायवर चालवायचं. मग ते तिच्यातून सुटणार कसं? लाल दिवा लावून?

हे ओळखायला यंत्र लागत नाही. तेच स्पीकर बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला जोडायचे. घरघर थांबली तर स्पीकर निर्दोष. मग कॉम्प्युटरला जोडून कोरड्या हातानं कॅबिनेटला टेस्टर लावायचा. टेस्टर उजळला तर गिऱ्हाइकाला आधी वायरमनकडे धाडायचं. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे हे, आणि फोनवरूनही सांगता येतं.

आमच्या भागातलं गिऱ्हाईक समोर आलं तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. सह्याद्रीचा हा काळा बेसॉल्ट. वर फूट-दोन फूट माती, खाली कातळ. कोरड्या कातळातून वीज सहज उतरत नाही, म्हणून अर्थिंगला खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात वरून पाणी, एवढे सोपस्कार करावे लागतात. ते न करता बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट बसवून मोकळी झालेली घरं कितीतरी आहेत. तिसरं भोक नुसतं शोभेचं. शेजारीच १९२६ साली पुरं झालेलं हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे, घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, आणि तरी रतनगडाकडून वारा-पाऊस सुटला की आमच्या घरातली वीज जाते. मग स्वस्तातला इन्व्हर्टर सुरू होतो. त्याची लाट गोल नसते, चौकोनी असते, आणि तिच्या कडा स्पीकरमधून कर्कश गुणगुणतात. या कशावर तुमच्या खोक्यात इलाज आहे?

वायरमननं मोरीचं पाणी मुरतं तिथली कायम ओली जागा शोधली, पाइप गाडला, कोळसा-मीठ घातलं, तार बोर्डापर्यंत आणली. तुमचं कार्ड काढून स्पीकर पुन्हा मदरबोर्डच्याच जॅकला जोडले. घरघर गेली. हेडफोनमध्ये तेवढी एक बारीक किरकिर उरली होती, माउस हलवला की वाढणारी. ती कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची. त्या जॅकची वायर आत ग्राफिक्स कार्डाला खेटून जाते, आणि जॅकच्या पितळेवर पावसाळ्यानं हिरवट थर चढवला होता. हेडफोन मागच्या जॅकमध्ये घातला, तीही गेली. तुम्ही ज्याला फालतू म्हणालात, त्याच साउंडवर आता माझ्या आईचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येतो.

आता ते 'सेव्हन पॉइंट वन'. आठ स्पीकर तिच्याकडे नाहीत, ठेवायला जागाही नाही. दोन कान आणि एक हेडफोन आहे. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ आधी पोचतो, उजव्या कानावर डोक्याची सावली पडते, आणि कानाच्या पाळीच्या वळणांवरून पुढचं-मागचं ओळखू येतं. आजचे कितीतरी गेम हा हिशेब स्वतःच करून दोन कानांसाठी तयार आवाज देतात. त्यावर तुमच्या कार्डाचं आभासी सराउंड चढवलं की हिशेबावर हिशेब होतो आणि पावलं कुठली, प्रतिध्वनी कुठला, सगळा काला. पुतणीनं गेममधला हेडफोनचा पर्याय निवडला, बाकीचं सगळं बंद केलं. भावंडं आता तिला मागून गाठू शकत नाहीत. यासाठी खर्च शून्य.

खोक्यावरचे १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट हे आकडे तुम्ही तिला बोट ठेवून दाखवलेत म्हणे. तरुण, निरोगी कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. तेवढं पकडायला सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट पुरतात. रेकॉर्डिंग करताना २४ बिट घ्यावेत, आवाजाची पातळी लावायला मोकळीक मिळते. त्यापलीकडचे आकडे शेंडीत कुणाच्या कानाला कळत नाहीत, आणि तुमच्याही नाहीत.

साउंड कार्ड ही चीजच खोटी, असं मी म्हणत नाही. मला तिच्याबद्दल आदर आहे. पीसीला नुसतं 'टीं' करता येत होतं तेव्हा, १९८७ साली, कॅनडातल्या क्युबेकमधून अ‍ॅडलिब आलं. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टर आणलं, आणि तोफेचा बार, माणसाचा आवाज, अख्खा वाद्यमेळ त्या टेबलावरच्या डब्यातून निघू लागला. तेव्हा कार्ड घेणं म्हणजे मुक्याला वाचा देणं होतं. पुढे १९९७ साली इंटेलनं एसी'९७ आणलं, २००४ साली एचडी ऑडिओ, आणि आवाज मदरबोर्डवरच आला. २००७ च्या विंडोज व्हिस्टानं तर गेमचा आवाज कार्डाच्या चिपवर थेट चालवायची जुनी वाटच बंद केली. तुम्ही मात्र अजून त्या आधीच्या काळातलं भाषण पाठ म्हणता.

आजही कार्ड किंवा बाहेरचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी डबी, कधी कधी लागते. अडीचशे-तीनशे ओहमचे स्टुडिओ हेडफोन असतील, किंवा मदरबोर्डचा ऑडिओ खरोखर खराब झाला असेल, तर जरूर घ्यावी. पण पुतणीला आजीचा आवाज टिपायचा होता. त्यासाठी माइक आणि तो जोडायला यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा होता. नऊ हजारांत दोन्ही साधे, चांगले मिळतात. तुमच्याकडे ते नसतीलही. "माझ्याकडे नाही, अमक्याकडे मिळेल" एवढं म्हणायला तोंड का उघडलं नाही?

तिला काय करायचंय याची चौकशी केली असतीत तरी समजलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, कित्येक गाऊन घेऊन ध्वनिमुद्रितही केल्या, तेव्हा कुठे त्या राहिल्या. आमच्या घरात जातं कोपऱ्यात पडलं आहे आणि ओव्या एकट्या माझ्या आईला येतात. तिला दम लागतो. एकदा गायलेली ओवी दुसऱ्यांदा तशीच येत नाही. पहिल्या खेपेला तिनं जे गायलं ते सगळं त्या घरघरीत गेलं, आणि तुमच्या कार्डानं काही होईल या आशेवर भाताच्या लावणीचे दिवसही निघून गेले. लावणीच्या वेळची बांधावरची गाणी आता पुढच्या आषाढाशिवाय मिळायची नाहीत.

कार्ड खोक्यासकट, बिलासकट, स्क्रूच्या पुडीसकट कुरिअरनं पाठवलं आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही तुमच्या बिलावरची ओळ मी वाचली आहे. ग्राहकाची गरज ऐकून घेऊन त्याला भलतीच वस्तू योग्य म्हणून गळ्यात मारली, तर त्या ओळीवर काय म्हणायचं ते ग्राहक आयोग ठरवील. पैसे पंधरा दिवसांत परत करा. काउंटरवरच्या पोराच्या खिशात एक टेस्टर ठेवा, आणि माझ्या पुतणीनंतर 'करंट लागतो' म्हणत जे जे कुणी आलं असेल, त्यांचे नंबर तुमच्या बिलबुकात आहेत. आज संध्याकाळी त्यांना फोन लावा.

शेंडीचा,
तिचा काका