रिमोट काउंटरवर मिळेल

मुंबईत स्वस्तात राहायची सोय नाही, असं म्हणणाऱ्यांनी सीएसएमटीच्या आसपासचे जिने चढलेले नसतात. पहिल्या मजल्यावर झेरॉक्स, दुसऱ्यावर वकील, तिसऱ्यावर लॉज. लिफ्ट आहे, पण 'बंद आहे' ही पाटी लिफ्टपेक्षा जास्त मजबूत.

काउंटरवरचे मॅनेजर आधी आधार कार्ड मागतात. त्यावर परभणी असेल तर या, बसा. डोंबिवली असेल तर, "लोकल आयडी चालत नाय." शेवटची कर्जत हुकलेल्या डोंबिवलीकराने मग फलाटावर बसावं. असा कायदा कुठे आहे, हे विचारायचं नाही. मॅनेजर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतात आणि पाटी मालकांनी स्वतः रंगवून घेतलेली असते.

पुढचा प्रश्न, "विंडोवाली की साधी?" साधी म्हणजे जिला खिडकीच नाही. विंडोवालीला आहे, ती पॅसेजमध्ये उघडते. भिंती प्लायवूडच्या. पलीकडचे काका फोनवर घरी सांगत असतात, "हॉटेल एकदम भारी आहे गं," आणि आपल्याला खोकलासुद्धा दाबावा लागतो, उगाच त्यांचं बिंग फुटायला नको. रेल्वेने २०२१ साली मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल उघडलं, तेव्हा जपानी कल्पना म्हणून काय कौतुक झालं! आमच्या लॉजवाल्यांनी तीच कल्पना प्लायवूडमध्ये कितीतरी आधी उतरवली होती. फक्त फीत कापायला मंत्री बोलवायचा राहिला.

पण या धंद्यातली खरी प्रतिभा एसीत दिसते. खोली तीच, एसी तोच, दर दोन. 'नॉन-एसी' घेतलीत तर रिमोट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये राहतो. रात्रभर तो पांढरा डबा डोक्यावर गप्प आणि पंखा खडखडतोय. चारशे रुपये जास्त मोजले की मुलगा रिमोट आणून देतो, मागचं झाकण रबर बँडने बांधलेलं. म्हणजे भाड्याने एसी मिळत नाही, दोन पेन्सिल सेल मिळतात. गरम पाणी सहा ते नऊ. टॉवेलला डिपॉझिट. आणि टॉवेल पाहिल्यावर वाटतं, डिपॉझिट त्यांनी आपल्याला द्यायला हवं होतं.

सरकारचंही या खोल्यांवर बारीक लक्ष आहे. १८ जुलै २०२२ च्या आधी हजाराच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता. मग दिल्लीच्या ध्यानात आलं की नऊशेच्या खोलीत लोक ऐषारामात लोळतायत. लगेच १२ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला. मॅनेजरना दोन्हीचं सुखदुःख नाही. ते विचारतात, "बिल पायजे का?" हो म्हटलं की रेट वेगळा.

आता परभणीचे आपले गृहस्थ घ्या. मंत्रालयात फाईल अडकलीय. आमदारसाहेबांचं पत्र असतं तर आमदार निवासात गादी मिळाली असती, पण ते पत्र मिळवायलाच मुंबईत दोन दिवस राहावं लागतं. देवगिरी एक्स्प्रेस त्यांना सकाळी सकाळी उतरवते. चेक-इन बाराला. आधी खोली हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं. दुसऱ्या दिवशी चेक-आउट, तेही बाराला. आणि सामान्य माणसाला मंत्रालयात प्रवेश दुपारी २ नंतर. हे दोन तास महाराष्ट्राच्या कुठल्याच खात्यात येत नाहीत. फाईल हातात, बॅग खांद्यावर, पायात नवे बूट.

गृहस्थांनी मॅनेजरना विचारलं, "दोन-चार तास बॅग ठेवाल का?"

"ठेवू ना साहेब. हाफ डे लागेल."

"अहो, खोली नको. फक्त बॅग."

"मग विंडोवाली कशाला? साधीत टाकतो."